दिल्ली गेटाबाहेरचं वळण

“मला लई जोरात नाय जायचं,” स्टिअरिंग घट्ट धरत द्वारकाबाई म्हणाल्या. “आमचे हे सायकलीवर ज्या रस्त्यानं जायचे, तेवढाच दाखव.”

उस्मानपुऱ्यातल्या प्रणयच्या गेम पार्लरमध्ये साठीची बाई आजवर आली नव्हती. दुपारी तिथं कॉलेजची मुलंमुली जमायची आणि पडद्यासमोरच्या खुर्च्यांत बसून गाड्या पळवायची. परदेशी शहरांच्या शर्यतींना कुणी हात लावत नसे. सगळ्यांना हवी असायची ती प्रणयनं स्वतः बनवलेली आपल्या शहराची शर्यत: क्रांती चौक, पैठण गेट, सिटी चौक, दिल्ली गेट आणि तिथून तळ्याकडचं लांब वळण. गेल्या हिवाळ्यात रस्ते मोकळे असताना गाडीवर कॅमेरा लावून त्यानं ते सगळं टिपून आणलं होतं. दुकानांच्या पाट्यासुद्धा जशाच्या तशा होत्या.

“तुम्हाला कुणी सांगितलं, काकू?”

“शेजारची मोनिका येती ना तुझ्याकडं. म्हणली, आपला रस्ता हुबेहूब हाय.”

द्वारकाबाईंनी मग थोडक्यात सांगितलं. त्यांचे यजमान, मोतीराम, घरोघर पेपर टाकायचे. डिसेंबरात एका सकाळी दिल्ली गेटाबाहेरच्या वळणावर त्यांना गाडीनं उडवलं. सात वाजता फिरायला निघालेल्या लोकांना ते सापडले. गाडी कुणाची, किती वाजता आली, कुणालाच माहीत नव्हतं.

“पोलीस ठाण्यातले साहेब म्हणतेत, अंधार होता, धुकं होतं, ड्रायव्हरला दिसलेच नसतील. आता फाइल बंद करायचीय. सोमवारी सही मागितली.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “खरंच दिसले नसतील तर देते सही. पण दिसले असतील, तर मी सोडणार नाय. वर कोर्टात जाईन. तू मला एकदा त्या ड्रायव्हरच्या जागी बसव, बाळा.”

त्या दुपारी प्रणयला जेवण गेलं नाही.

“मला त्या बाईची भीती वाटते,” तो बायकोला, तनुजाला, म्हणाला.

“कसली भीती? बिचारी!”

“तिच्या नवऱ्याला वाचवता आलं असतं असं तिला कळलं तर? मग काय करेल ती?”

“निदान खरं तरी कळेल,” तनुजा म्हणाली. “तुला जमतंय तर कर की मदत.”

दुसऱ्या दिवशी त्यानं खेळात एक सायकलवाला घातला. पांढरा शर्ट, डोक्याला मफलर, मागे पेपरांचा गठ्ठा, सगळं द्वारकाबाईंनी सांगितलं तसं. मग त्यांना गाडी शिकवली. ब्रेक कुठला, ॲक्सिलरेटर कुठला. त्यांचा पाय पोचेना, म्हणून खुर्ची पुढं ओढून दिली.

“किती वाजता ठेवू?” त्यानं विचारलं. खेळात घड्याळ फिरवलं की उजेड बदलायचा.

“सहा ते सातच्या मधी कवातरी. तूच ठेव.”

त्यानं पावणेसात केले. द्वारकाबाईंची गाडी हळूहळू दिल्ली गेटातून बाहेर आली. वळण लागलं आणि त्या एकदम थांबल्या.

“अगं बाई! एवढ्या लांबून दिसतेत की!”

त्यांचा आवाज ऐकून शेजारच्या खुर्चीवरची मुलं वळून बघू लागली. प्रणयच्या कपाळाला घाम फुटला.

“काकू, थांबा. माझंच चुकलं. पेपर घेऊन ते किती वाजता निघायचे?”

“साडेपाचला. चहा घेऊन.”

“मग पावणेसातला तिथं कसे असतील? सहा-सव्वासहाला असतील. डिसेंबरात तेव्हा काळोखच असतो. धुकंही घालायला हवं.”

“कधी कधी त्यांना गठ्ठा उशिरा मिळायचा...”

“त्या दिवशी मिळाला होता का उशिरा?”

“ते कुणाला ठाव, बाळा.”

त्यानं घड्याळ सहा दहावर नेलं आणि दाट धुकं घातलं. पडदा काळवंडला. द्वारकाबाई पुन्हा निघाल्या. या वेळी वळणावर काहीच दिसलं नाही. धाडकन आवाज आला आणि सायकल बॉनेटवरून उडाली.

त्या किंचाळल्या नाहीत. “पुन्यांदा,” एवढंच म्हणाल्या.

चार वेळा त्यांनी वळण घेतलं. डोळे फाडून बघत, गाडी रांगवत नेली, तरी चारही वेळा तेच झालं. प्रणय भिंतीला टेकून उभा होता. चौथ्या आवाजाला त्यानं डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळानं द्वारकाबाई उठल्या. रडून चेहरा सुजला होता, पण खांदे सैल झाले होते.

“नाय दिसत रे. मलाच नाय दिसले, तिथं परक्याला काय दिसतील? दहा महिने मी त्या माणसाला शाप देत होते.” त्यांनी प्रणयच्या गालावरून हात फिरवला. “सही करते सोमवारी. तुझं भलं होवो. लई मोठं काम केलंस.”

“जपून जा, काकू.”

त्या रिक्षात बसेपर्यंत तो दारात उभा राहिला. मग आत येऊन त्यानं मुलांना उठवलं. “आज बंद. लाइट गेलीय,” म्हणाला. पंखे फिरत होते. मुलं कुरकुरत गेली.

शटर अर्धं ओढून तो त्याच खुर्चीत बसला. खेळातलं धुकं त्यानं काढून टाकलं. घड्याळ पुढं नेलं, आणि बरोबर सहा अठ्ठेचाळीसवर थांबवलं. दिल्ली गेटातून गाडी भरधाव बाहेर काढली. वळणावर पांढरा शर्ट लांबूनच दिसला, तेव्हा दिसला होता तितकाच स्वच्छ.

या वेळी त्यानं ब्रेक दाबला.