चांगलंसं पाळणाघर

"झोपलेली मुलं बघून काय कळणार?" तो म्हणाला. "उठेपर्यंत थांबतो मी."

पाळणाघराच्या बाईंना हे आवडलं. बाकीचे बाप यायचे, वेळ विचारायचे, भिंतीवरच्या हत्तीकडे बघून मान डोलवायचे आणि फोन कानाला लावून निघायचे. हा मात्र दारातल्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं त्याचं काम. बसायची सवय होती. आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते आणि मुलं चादरीत गुरफटून पडली होती. कुणाचा नुसता पाय बाहेर, कुणाचे नुसते केस.

"केवढी आहे?" बाईंनी विचारलं.

"चार पुरी होतील आता. पाण्याला फार भिते. डोक्यावरून पाणी घेतलं की घर डोक्यावर घेते."

"आणि तिची आई?"

"ती गेली."

बाई ओट्याकडे वळल्या. उगाच एक कप विसळून पुन्हा विसळला.

मुलं उठली. डोळे चोळत, रडत, एकमेकांना तुडवत बाहेर आली. त्यानं एकेकाकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "नवीन मुलं रुळतात का इथं? इतक्यात कुणी आलंय नवीन?"

"यंदा नाही कुणी. सगळी जुनीच."

"कळवतो," तो म्हणाला, आणि कळवलं नाही.

असं बरेच दिवस चाललं. एका पाळणाघरात मुलांना टीव्हीपुढे ओळीनं बसवलं होतं. हलतसुद्धा नव्हती बिचारी. दुसऱ्या एका ठिकाणी संडासाचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. पण एक खरंच चांगलं होतं. मागं हिरवळ, वाळूचा हौद, गाणी म्हणणाऱ्या दोन तरुण मुली. तेही तो सोडून निघाला, तेव्हा तिथल्या बाई फाटकापर्यंत आल्या.

"आमच्यात काय कमी वाटलं तुम्हाला?"

"कमी काही नाही," तो म्हणाला. तोंड इतकं उतरलं होतं, की त्यांनाच वाईट वाटलं.

दुकानाचा मालक जीभ आवरणाऱ्यांतला नव्हता. "पाळणाघर शोधतोयस का राजवाडा?" तो म्हणाला. "आज पुन्हा अर्धी सुट्टी!"

सगळे हसले. तोही हसला. हातातल्या फ्रेमची काडी मोडली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण ती केव्हापासून दाबून धरली आहे.

घरी आलं की घर खायला उठायचं. खुंटीला लहानसा रेनकोट, ओट्यावर पालथा घातलेला पिवळा कप. न्हाणीघराच्या दाराला त्यानं मागेच नवी फळी ठोकली होती, तिला रंग द्यायचा राहूनच गेला होता. दिवा न लावता तो तिथंच खुर्चीत बसायचा. संध्याकाळी बहिणीचा फोन यायचा.

"अजून पायपीट चालूच?"

"चालूच."

"अरे, जरा दम धर. माझं ऐक."

"पोटची पोर आहे, ताई. कुणाच्याही हाती कशी राहू देऊ?"

बहीण विषय बदलायची. मग जेवलास का विचारायची. तो हो म्हणायचा.

गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, लाँड्रीच्या वर, एक पाळणाघर होतं. पाटी नव्हती. जिन्यात साबणाची वाफ कोंदलेली. वर दार उघडलं ते एका वयस्क बाईंनी. अंगावर निळा ॲप्रन, नजर आरपार बघणारी. साखळी न काढताच त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग आत घेतलं, पण पुढच्या खोलीतच बसवलं. आतून ठोकळे पडल्याचा आवाज येत होता.

"न्यायला रोज एकच माणूस यायचा," त्या म्हणाल्या. "नवा चेहरा दिसला, की मी मूल सोडत नाही. मग तो राजा असो."

"बरं करता," तो म्हणाला. "दिवस वाईट आहेत."

"आईला घेऊन या एकदा."

"ती गेली."

बाईंची नजर निवली. त्यांनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे केला. त्यानं तो घेतला, तेव्हा थोडं पाणी सांडलं. त्यांनीच ते फडक्यानं टिपलं.

"एकट्या पुरुषानं लेकरू वाढवायचं म्हणजे सोपं नाही," त्या म्हणाल्या. "झोप तरी मिळते का?"

"पोरीची सोय लागली की झोपेन. रुळेल का हो ती इथं? तिला माणसं लवकर चालत नाहीत."

"रुळेल. आमच्याकडे एक आली आहे नुकतीच, असेल तुमचीच्या वयाची. अशीच आहे, कोपरा सोडत नाही. आवाज चढला की टेबलाखाली जाऊन बसते. तुमची आली की दोघींची जोडी जमेल."

तो ग्लास खाली ठेवायला विसरला.

"बघू का तिला? लांबूनच."

बाईंनी क्षणभर विचार केला. पालकांना आतल्या खोलीत न्यायचं नाही, हा त्यांचा नियम त्यांनी कुणासाठी मोडला नव्हता. पण असा बाप त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मधलं दार उघडलं आणि त्याला पुढे घातलं.

खिडकीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून, एक मुलगी ठोकळे रचत होती. केस कुणीतरी घाईनं कापलेले होते. बाईंनी लाडानं हाक मारली, तशी ती वळली. त्याचे डोळे भरून आले. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं हात पसरले.

मुलगी रडली नाही. भिंतीला धरून धरून ती बाईंच्या मागं गेली, ॲप्रन मुठीत घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "हे माझे बाबा आहेत. आई कुठे राहते, ते यांना सांगू नका."