खालच्या जिल्ह्यातली मास्तरीण

चमचा बशीत खणकन वाजला, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातली शांतता मोडली. छाननीखात्याच्या साहेबांनी चहा ढवळून चमचा खाली ठेवला होता.

"ताई, मी तुमचा जुना वाचक," ते म्हणाले. "दर रविवारी आधी त्या मास्तरणीचं पत्र आणि खाली तुमचं उत्तर. काय हजेरी घेता तिची! माझी बायको मोठ्याने वाचून दाखवते."

"मग अडचण कसली?"

"हल्ली ती फक्त वरचं पत्र वाचते."

सदर लिहिणारी ती हसली नाही. लढाई पेटल्यापासून वर्तमानपत्राची ओळ न् ओळ साहेबांच्या टेबलावरून जात होती. खालच्या जिल्ह्यांत तोफगोळे पडत होते, पण तिथलं खरंखुरं छापायची सोय नव्हती. सूट एकच होती. शहरातल्या सदरकारावर तिकडून कोणी टीका केली, तर ती जशीच्या तशी देता यायची. खाली तिचा खरपूस समाचार घेतला, की झालं.

'तुम्ही पंख्याखाली बसून आम्हाला धीर धरायला सांगता,' मास्तरीण लिहायची. 'इथे आम्ही शाळेचे बाक मोडून मेलेल्यांसाठी पेट्या केल्या. मुलांच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधतो, म्हणजे सापडली तर कोणाची ते कळेल.' आणि खाली हिचं उत्तर: रडगाणं पुरे, देश मोठा. ते लिहिताना दर वेळी तिची मान खाली जायची.

"पत्रं बघू," साहेब म्हणाले.

"छापून झाली की जाळून टाकते."

"पाकिटं?"

"तीही."

साहेबांनी मान डोलावली. खिडकीतल्या दोरीवर लहान फ्रॉक वाळत होते. "मुलीचे वडील?"

"आघाडीवर. जखमींची गाडी चालवतात. तिकडेच, खालच्या जिल्ह्यांत."

"घरात आणखी कोण?"

"कोणी नाही."

"म्हणजे तुम्हाला आमच्याबरोबर यावं लागलं, तर हिला सांभाळायचं कोणी, हा प्रश्नच." साखर पुरेशी आहे का विचारावं, तसं ते म्हणाले. खारू टेबलाखाली बसून पाय हलवत होती. सहा वर्षांची पोर; आई लिहिलेलं मोठ्याने वाचायची, तेव्हा ऐकायला घरात कान म्हणून तिचेच. "त्यापेक्षा गाव सांगा. आम्ही बाईंशी नुसतं बोलू."

तिला नकाशा आठवला. मागच्या महिन्यात नवरा दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता. नकाशावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला होता, "हे गाव आम्ही रिकामं केलं. कुत्रंसुद्धा ठेवलं नाही मागे." तिने त्याच ठिपक्याचं नाव सांगितलं. तिथे जाऊन कोणालाही मास्तरीण सापडणार नाही, याची तिला खात्री होती.

साहेबांनी नाव टिपून घेतलं, चहा संपवला आणि उठताना वाकून खारूच्या गालाला हात लावला.

चार दिवस दारावर थाप पडली की ती आधी खारूला आतल्या खोलीत पाठवायची. पाचव्या दिवशी सकाळी ती खारूच्या वेण्या घालत होती. एक झाली होती, दुसरी हातात होती, तेवढ्यात फोन वाजला. संपादक होते.

"अगं, सुटलीस. सापडली ती."

"सापडली? मास्तरीण?"

"तू सांगितलेल्या गावातच. सगळे निघून गेले, ही शाळेच्या तळघरात राहिली. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून जाईना. खरंच मास्तरीण निघाली बघ. आधी नाही नाही म्हणत होती. मग कबूल झाली. छापलेल्या सगळ्या पत्रांखाली सही दिली."

"आता काय करतील तिचं?"

"लढाईच्या दिवसांत काय करतात? ते आपल्या हातात नाही. तू संध्याकाळपर्यंत मजकूर दे. मला पहिल्यापासून संशय होता, असा सूर ठेव. साहेबांनी स्वतः सांगितलंय."

"सर, ती बाई..."

"बाई काय?"

खारूने मान वळवून वर पाहिलं. सुटलेल्या केसांची बट तिच्या डोळ्यांवर आली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी देते."

फोन ठेवून तिने पुन्हा केस हातात घेतले. तीन पेड वेगळे केले, एकावर एक घातले, ते सुटले, पुन्हा घातले.

"आई, त्या काकांना मास्तरीण सापडली?"

"हं."

"पण ती पत्रं तर तू लिहितेस. मग त्यांनी धरली, ती कोण?"