वळणावरचं धुकं

निफाडजवळच्या वळणावर, रुळांपासून लांब, द्राक्षबागेच्या बांधावर नवराबायको पहाटेपासून उभे होते. थंडीने घड तडकू नयेत म्हणून पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर धुक्यात मिसळला होता. त्याच्या हातात आगगाड्यांचे फोटो काढायचा कॅमेरा, तिच्या हातात चहाचा थर्मास. ज्या गाडीत बसायचं नाही तिची वाट कसली बघायची, हे तिचं लग्नापासूनचं गाऱ्हाणं.

हळूहळू धुकं विरलं. बागेतला घड न् घड दिसू लागला, रूळ चकाकले.

"आज धुकं काही हटत नाही बघ," तो म्हणाला.

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो उघड्या डोळ्यांनी समोर बघत होता. हल्ली जिना उतरताना तो भिंत धरायचा. तिला ते वयाचं वाटलं होतं.

"हो ना, फारच दाट आहे," ती कशीबशी म्हणाली.

गाडी धडधडत आली. त्याने आवाजाच्या रोखाने कॅमेरा धरला. बटण दाबलं तेव्हा शेवटचा डबाही निघून गेला होता.

"छान आला असेल फोटो," ती म्हणाली.

त्याने मफलर सोडला, तोंड वर केलं, गालावरून हात फिरवला. दाट धुक्यात असं ऊन लागत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढून त्याने चाचपडत तिच्या गळ्यात घातला.

"पुढच्या गाडीचा फोटो तू काढ," तो म्हणाला. "आवाज आला की मी सांगतो."