आरसा चांगला निघाला

बुरुलने दुर्बिणीच्या तोंडातून आत डोकावून पाहिलं. तळाशी वाडग्याएवढा आरसा होता. कडेला दोन डाग, मध्ये धूळ, पण ओरखडा नाही.

"काका, आरसा पुसलाय का कधी?"

"छे! बायकोलासुद्धा हात लावू दिला नाही," एर्गेश म्हणाला. पूर्वी तो भौतिकशास्त्र शिकवायचा. आता रविवारच्या बाजारात जुनी अवजारं मांडून बसायचा. "शनीची कडी दाखवलीत यानं मला. आणि तू त्या खेळण्याकडे काय बघतेस?"

खेळणं म्हणजे शेजारची कोरी, लाल दुर्बीण. खोक्यावर 'पाचशे पट' लिहिलेलं आणि पाय काडीसारखे. बुरुलच्या खिशात नऊ हजार सोम होते, हिवाळाभर पगारातून बाजूला ठेवलेले. त्यात एकच दुर्बीण येणार होती. ती फसली असती, तर तिच्या शाळेतल्या मुलांना आणखी वर्षभर चंद्र पुस्तकातच पाहावा लागला असता.

"पण दिवसा तपासू कशी?"

"लांबचं काहीतरी सरळ बघ. तुमच्या गावाची ओळ आहे की समोर."

नदीपलीकडे तिचं गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर हिरवा उतार. बर्फ वितळलं की गावकरी दोरी ताणून त्या उतारावर चुना फासलेल्या दगडांची आडवी ओळ मांडत. ओळ वाकली तर डोंगर सरकतोय, घरं सोडायची. रोज सकाळी म्हातारे अंगणातून मान वर करून बघत, सरळ आहे म्हणत आणि गुरं सोडत.

बुरुलने आयपीस पुढेमागे केला. दगड एकेक सुटे झाले. दुर्बिणीत सगळं उलटं दिसत होतं. ओळ मधोमध सात दगडांपुरती वर उचलली गेली होती. म्हणजे खाली झुकली होती.

"काका, आरशात दोष आहे. ओळ वाकडी दिसतेय."

"घोडा घ्यायला आलीस का, दात मोजायला?" एर्गेश हसला. "बरं, पाचशे कमी दे. झालं समाधान?"

तिने बाजाराच्या टोकाला असलेल्या गोदामाच्या छपराची कड पाहिली. पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. मग दुर्बिणीची नळी तिला धरून ठेवणाऱ्या कड्यांमध्ये पाव वळसा फिरवून पुन्हा उतारावर धरली. दोष आरशाचा असता, तर वाक त्याच्याबरोबर फिरून दुसऱ्या दगडांवर गेला असता. तो त्याच सात दगडांवर होता.

तिने लाल दुर्बिणीला डोळा लावला. तिच्यात दगड एकमेकांत मिसळून एक धुरकट पांढरी रेघ झाली होती. सरळ. क्षणभर तिला तीच घ्यावीशी वाटली.

एर्गेशने मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं. बराच वेळ त्याने डोळा काढला नाही.

"गावातून नाही दिसायचं हे," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "झोल थेट खाली आलाय, बघणाऱ्याच्याच दिशेने. पायथ्याशी अंगणात उभं राहून मान वर करणाऱ्याला ओळ सरळच वाटणार; इथून लांबून उतार समोर येतो, म्हणून दिसतं."

"कधीपासून असेल?"

"आईला फोन लाव, पोरी."

आईने बऱ्याच वेळाने उचलला. मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"आई, घरातून बाहेर पड. आत्ताच्या आत्ता. शेजारी सगळ्यांना सांग..."

"अगं, ओरडतेस काय? पाहुण्या बसल्यात आणि अजून चहासुद्धा झाला नाही. सकाळपासून उतारावरच्या झऱ्याला लाल मातीचं पाणी येतंय. दोन बादल्या भरून ठेवल्यात, गाळ खाली बसायची वाट बघतोय सगळ्या."