कोरडे दोन महिने

"शेवटचा प्रश्न," हेगसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "वारण्याआधीच्या सात वर्षांत वडिलांनी कुणाला काही भेट दिली होती?"

एनिड इतकी हसली की चहा बशीत सांडला.

"आमच्या बाबांनी? अहो, चहाची एक पुडी ते दोनदा बुडवायचे. दुसऱ्यांदा पाहुण्यासाठी!"

वकिलाच्या कचेरीत चाळीस वर्षं कारकुनी केलेले हेगसाहेबही हसले. यॉर्कशरमध्ये चिकटपणाला कुणी दोष मानत नाही, पण एनिडच्या बाबांनी, नॉरिस हॉयलने, तिथेही नाव काढलं होतं.

घर आणि बँकेतली शिल्लक मिळून तीन लाख अठरा हजार पौंड होत होते. सव्वातीन लाखांच्या आत असलं की वारसा-कराचा पुरा हिशेब द्यावा लागत नाही, चार आकडे लिहून भागतं. पुरा हिशेब म्हणजे जाडजूड बाड आणि निदान सहा महिने. एनिडकडे सहा आठवडेच होते. ज्या दुकानात तिने वीस वर्षं मासे तळले, ते मालक विकायला निघाला होता. इसार तिने दिला होता. बाकीची रक्कम त्या मुदतीत दिली नाही, तर दुकान लीड्सच्या एका पिझ्झावाल्याचं होणार होतं.

इसार तिला नशिबानेच दिला होता. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी गावच्या क्लबात तिकिटांची सोडत निघे, आणि तीनशे पौंडांचं पाकीट हटकून एनिडला लागे. "आली बघा नशीबवान! चला रे, घरी जाऊ," असं टेबलाटेबलावरून ऐकू येई. दुसरं बक्षीस, मांसाचं ताट, इतरांना मिळायचं, म्हणून ते गप्प बसत. फेब्रुवारी-मार्चला मात्र तिच्या नशिबात ठणठणाट असायचा. त्या दोन महिन्यांत क्लब खूश, एनिड फुरंगटलेली. बाबा कोपऱ्यात अर्धा ग्लास बिअर पुरवून पुरवून पीत. तिकीट त्यांनी कधी काढलं नाही. "पैसे उधळायचे धंदे," एवढंच पुटपुटत. लेकीने एकोणिसाव्या वर्षी घर सोडताना "तुमची एक पेनीसुद्धा नको मला" असं बजावलं होतं, आणि बापाने तो शब्द आनंदाने पाळला होता.

"अगं पोरी," हेगसाहेबांचं बोट बँकेच्या कागदावर थबकलं, "हे काय? तीनशे पौंड रोख. पुन्हा तीनशे. वर्षाला दहा वेळा, सातही वर्षं. हा माणूस आठवड्याला वीस पौंडांत जगायचा!"

एकवीस हजार. सात वर्षांतल्या भेटी मिळकतीत धरतात; एनिडने मनात बेरीज केली. मर्यादा ओलांडली. दुकान गेलं. थेरड्याने मेल्यावरही पाय आडवा घातला होता.

"कुणीतरी बाई असणार," ती दात-ओठ खात म्हणाली.

हेगसाहेब पेन्सिलीने खुणा करत राहिले. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी शीळ घातली.

"वा रे पठ्ठ्या! वर्षाला तीन हजारांपर्यंतची भेट माफ असते, ती मोजतच नाहीत. याने बरोबर तीन हजार दिलेत. एक पेनी जास्त नाही. एप्रिल ते जानेवारी दहा वेळा द्यायचे आणि हात आवरायचा. सहा एप्रिलला नवं करवर्ष लागलं की पुन्हा सुरू. फेब्रुवारी-मार्चला दमडी नाही. पोरी, तुझं दुकान वाचलं!"

एनिडच्या हातातला कप हवेतच राहिला होता.

"तारखा तर बघ," हेगसाहेब रंगात आले होते. "प्रत्येक वेळी महिन्यातला शेवटचा शुक्रवार. आता घेणारी कोण होती ते कळलं तर कागदोपत्री टिपून ठेवतो. बाईबिई असली तर लाजू नकोस."

"बाईच होती," एनिड म्हणाली. हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले. "लिहा, नाव एनिड हॉयल. आणि खाली हेही लिहा, की सात वर्षं ती तिकिटाचा एकेक पौंड उगाच उधळत होती."