लाल गाडीनं हवा धरली

"काका, तुमची गाडी बेडकासारखी उड्या का मारती?"

समृद्धी आणि दीपाली या मैत्रिणींनी पैजच लावली होती, विचारून दाखव म्हणून. शिवांजलीनं विचारलं. दहावीचा निकाल लागल्यापासून ती कुणाला भीतच नव्हती. ती लाल, बुटकी, बिनटपाची जुनी स्पोर्ट्स कार हायवे सोडून थेट तिच्या पप्पांच्या गॅरेजपुढं येऊन थांबली होती. थांबली तरी तिचं नाक आपलं खाली-वर डुलतच होतं.

गाडीवाले काका हसले. "पुढचे शॉकअप गेलेत, बाळ. हैदराबादपर्यंत कंबर राहते की जाते!"

पप्पा, म्हणजे महांतप्पा मिस्त्री, चाकापाशी वाकले. शॉकअप जुन्या काळचे होते. लोखंडी डबी, तिच्यात तेल, आणि चाकाबरोबर हलून ते तेल दाबणारा दांडा. डब्या कोरड्या पडल्या होत्या. पप्पांनी तेल भरलं, झाकणं आवळली, बंपर दाबून सोडला. गाडी पुन्हा बेडूक!

पप्पा दुखरा खांदा चोळत स्टुलावर बसले. "न्हाय जमत आता, साहेब. पहिल्या तारखेपासून दुकान मोबाईलवाल्याला देतोय. पोरगी चालली लातूरला, नीटच्या क्लासला. मागं कोण बघणार हे?"

लातूरला सगळेच जातात म्हणून शिवांजलीही निघाली होती. पण पप्पांच्या पान्ह्यांच्या जागी मोबाईलची कव्हरं? ती डुलणाऱ्या गाडीकडं बघत राहिली आणि एकदम ओरडली, "पप्पा, हवा धरलीय! आत अडकून बसलीय, विहिरीवरची मोटार हवा धरती तशी! तिथं पाइप हलवत हलवत पाणी ओततो का न्हाय आपण?"

पप्पा ताडकन उठले. "झाकणं उघडतो. तुमी गाडी हलवा."

मग काय! तिघी बंपरवर तुटून पडल्या. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पप्पा तेलाची बारीक धार धरून. डबीतून बुडबुडे यायला लागले.

"पैज आमीच हरलो, वर मजुरीबी आमीच करायची व्हय?" समृद्धी धापा टाकत म्हणाली.

बुडबुडे थांबले. पप्पांनी झाकणं लावली, बंपर दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि शहाण्या पोरासारखी गप्प बसली. पप्पा खांदा विसरून टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी आई लातूरची बॅग भरत होती.

"आई, राहू दे ते. मी लातूरला जाणार न्हाय. पॉलिटेक्निकला नाव घालणार, ऑटोमोबाईलला."

आईच्या हातातली ड्रेसची घडी तशीच राहिली. पप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे दुकान तू चालवणार? उद्यापासनं?"

"उद्या कुठलं, पप्पा! तीन वर्षं शिकायचंय मला. त्या मोबाईलवाल्याला न्हाय म्हणून सांगा. तोवर माझं गॅरेज तुमी सांभाळायचं."