मधलं पान

"हा शेवटचा अंक, बाई. पुढच्या महिन्यापासून सभासदांना ईमेल जाईल. मीच लिहीन," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. संपादकबाईंना कळायचं ते कळलं. हौशी वैमानिकांच्या त्या संघात काटकसर सुरू झाली तेव्हा आधी टायपिस्ट गेली, मग शिपाई गेला. आता त्यांची पाळी.

अध्यक्षांना तरी काय बोलणार? बाई केस काळे होते तेव्हापासून मासिक काढत होत्या. दर महिन्याला मधल्या जोडपानावर जीव ओतून संपादकीय लिहायच्या. पण एका सभासदाने कधी दोन ओळी उलट लिहिल्या असतील तर शपथ. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, सुटलीस, नाहीतरी कोण वाचत होतं? पगार जाण्यापेक्षा बाईंना हे जास्त लागलं. दोन दिवस त्या त्याच्याशी धड बोलल्या नाहीत.

निरोपाचा अंक गेला आणि संघाचा फोन खणखणायला लागला. सभासद खवळले होते. मासिक बंद तर वर्गणीही बंद, असं सगळे एका सुरात सांगत होते. सगळ्यात पुढे होता एक दातांचा डॉक्टर. सहा दिवस दात उपटायचा आणि रविवारी विमान उडवायचा. तो थेट कचेरीत आला आणि अध्यक्षांना तोंडावर म्हणाला, "बाईंच्या मासिकाशिवाय आमचं एक दिवस चालायचं नाही."

अध्यक्षांनी मुकाट्याने निर्णय मागे घेतला. बाईंनी दार लावून मनसोक्त रडून घेतलं. मग नवऱ्याला फोन करून चार शब्द ऐकवले.

रविवारी त्या आभार मानायला विमानांच्या शेडमध्ये गेल्या. इतकी वर्षं विमानांवर लिहिलं, पण तिथे पाऊल टाकायची वेळ कधी आली नव्हती. छोटी छोटी विमानं ओळीने उभी होती. प्रत्येकाच्या नाकाखाली, फरशीवर, बरोबर मधोमध उघडलेलं मासिक. वरून इंजिनातलं तेल ठिबकत होतं. बाईंच्या संपादकीयावर.

डॉक्टरने मोठ्या कौतुकाने समजावून सांगितलं. वर्तमानपत्र तेल पितं आणि फरशी खराब होते. हा जाड, गुळगुळीत कागद एक थेंब खाली जाऊ देत नाही. मधलं पान कसं छान सपाट उघडं राहतं. किती गळलं तेही लगेच दिसतं. ईमेल काय फरशीवर अंथरायची? बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पुढे केलेला चहा त्यांनी कसाबसा संपवला आणि निघाल्या.

वाटभर त्या स्वतःशी पुटपुटत होत्या. घर येईपर्यंत मात्र रागाचं हसू झालं. शेवटी बाई हाडाच्या संपादक. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंकाची मांडणी बदलली. संपादकीय उचलून पहिल्या पानावर नेलं. मधलं जोडपान अध्यक्षांच्या मनोगताला दिलं आणि त्यात त्यांचा भला मोठा फोटो टाकला. अध्यक्ष भलतेच खूश झाले. उशिरा का होईना, मला माझी जागा दिलीत, म्हणाले.

अंक पोचला आणि आठवड्याभरात डॉक्टरचा फोन आला.

"बाई, अंक झकास झालाय. तेल साहेबांच्या मिशीपर्यंत आलं की मेकॅनिकला बोलवायचं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलंय." फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि हो, पहिल्या पानावरचं तुमचं वाचलं. तेवढंच कोरडं होतं, म्हणून सहज नजर गेली. फार चांगलं लिहिता हो तुम्ही. इतकी वर्षं का नाही लिहिलंत?"